आमचे मेस्त आजोबा
जुन्या चोपडेकरांना आमचे आजोबा आठवत असतील. सगळे त्यांना मेस्तच म्हणत. पहाटे पागेर खांद्यावर टाकून शापोरा नदीवर, उन्हं चढली की वाकस घेऊन कामाला. त्यांचं खरं नाव झालं ते मानशीच्या दारांमुळे. खाजनाच्या बांधातली ही लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात; खारं पाणी शेतात शिरत नाही. आजोबा त्यासाठी माट्टीचंच लाकूड घेत. फट किती राहिली ते भरतीच सांगते, म्हणायचे. एका पावसाळ्यात दार निखळलं, तेव्हा रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बसवलं. त्या साली आमचं कोरगुट भात वाचलं. पुढे शिवोलीचा पूल झाला, फेरी गेली, आमचं शेतही पडीक पडलं. वाकस माझ्याकडे आहे. दांडा त्यांच्या मुठीने झिजलाय, बदलवत नाही.