नडगी दुखतेय? अंगावर काढू नका! व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या पायाच्या दुखापती, कारणं आणि उपाय : वाचा सविस्तर

फुटबॉल म्हटलं की गोल, पैसा आणि प्रसिद्धी डोळ्यासमोर येते. पण या खेळाडूंचं सगळं पोट पायावर असतं. एक चुकीची धडक किंवा अंगावर काढलेलं साधं दुखणं, आणि वर्षभर मैदान बंद! युरोपातल्या मोठ्या क्लबमधल्या दुखापतींचा अभ्यास स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड २००१ पासून करत आहेत. त्यांच्या नोंदीनुसार एका खेळाडूला हंगामात सरासरी २ दुखापती होतात. म्हणजे २५ जणांच्या संघात हंगामाला सुमारे ५० दुखापती. यातल्या बहुतेक कमरेखालच्याच. मांडीचे स्नायू ताणले जाणं सगळ्यात जास्त, त्यानंतर गुडघा आणि घोटा. नडगीच्या दुखापती त्यामानाने कमी, पण झाल्या की जास्त महाग पडतात. म्हणून आज नडगीची माहिती घेऊ.

नडगी एवढी नाजूक का?

गुडघ्याखाली दोन हाडं असतात. पुढचं जाड हाड म्हणजे नडगीचं, त्याला डॉक्टर टिबिया म्हणतात. बाहेरच्या अंगाला असतं ते बारीक हाड फिब्युला. मागे पोटरीला भरपूर मांस आहे, पण नडगीवर पुढून नुसती कातडी. त्यामुळे तिथं लाथ बसली की डोळ्यापुढे काजवे चमकतात. हाड मोडलं तर कातडी फाडून बाहेर यायलाही वेळ लागत नाही. शिवाय या हाडाच्या खालच्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ते जुळायला वेळ लागतो.

नडगीचं दुखणं चार प्रकारचं

सगळं दुखणं सारखं नसतं. खालचा फरक नीट लक्षात ठेवा.

१) मुका मार : लाथ किंवा बूट लागून सूज येते, काळं-निळं पडतं. बर्फ आणि विश्रांती मिळाली की बहुतेक वेळा काही दिवसांत बरं होतं.

२) शिन स्प्लिंट : नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखतो. सुरुवातीला पळताना दुखतं, अंग गरम झालं की थांबतं आणि नंतर पुन्हा ठणकतं. सुट्टीनंतर एकदम जास्त सराव, कडक मैदान, झिजलेले बूट, सपाट तळपाय ही नेहमीची कारणं. हंगामाआधीच्या सराव शिबिरात हे दुखणं हमखास डोकं वर काढतं.

३) स्ट्रेस फ्रॅक्चर : म्हणजे हाडाला गेलेला बारीक तडा. इथं पट्टा दुखत नाही, एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते. एका पायावर उडी मारली की दुखतं, पुढे पुढे रात्री झोपेतही ठणकतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये हा तडा बऱ्याचदा दिसतच नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर पळायला सुरुवात करू नका. शंका असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात.

४) कंपार्टमेंट सिंड्रोम : गुडघ्याखालचे स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यात असतात. मोठा मार लागून आत सूज किंवा रक्त साचलं की कप्प्यात दाब वाढतो आणि रक्तपुरवठा तुटतो. पाय दगडासारखा कडक होतो, मुंग्या येतात, बोटं हलवली की असह्य कळ येते. अशा वेळी काही तासांत ऑपरेशन करून तो पडदा मोकळा करावा लागतो. उशीर झाला तर स्नायू मरतात, पाय गमवायची वेळ येते.

तीन खेळाडू, तीन गोष्टी

डेव्हिड बस्ट : इंग्लंडच्या कोव्हेंट्री सिटीचा बचावपटू. ८ एप्रिल १९९६ ला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सामना सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात धडक झाली. नडगीची दोन्ही हाडं मोडून बाहेर आली. पुढे जखमेत जंतुसंसर्ग झाला, ऑपरेशनमागून ऑपरेशन झाली. पाय वाचला, पण त्याच वर्षी वयाच्या २९ व्या वर्षी त्याला व्यावसायिक फुटबॉल सोडावं लागलं.

अ‍ॅरन रॅमसे : फेब्रुवारी २०१० मध्ये स्टोकविरुद्धच्या सामन्यात आर्सेनलच्या या १९ वर्षांच्या पोराचा उजवा पाय मोडला, दोन्ही हाडं गेली. घाई न करता तो सुमारे नऊ महिन्यांनी मैदानात उतरला. पुढे २०१४ आणि २०१७ अशा दोन एफए कप फायनलमध्ये विजयी गोल त्याचाच!

ल्यूक शॉ : सप्टेंबर २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोव्हन शहरात मँचेस्टर युनायटेडकडून खेळताना त्याचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि पाय कापायची वेळ जवळ आली होती, असं त्यानंच नंतर सांगितलं. संपूर्ण हंगाम गेला. पण तो परतला आणि पुढे इंग्लंडकडून २०२० च्या युरो स्पर्धेची फायनलही खेळला.

तिघांची दुखापत साधारण एकाच जातीची. वेळेवर ऑपरेशन, जखमेची स्वच्छता आणि परतायची घाई न करणं, यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं.

शिनगार्ड घालायलाच हवं का?

होय. १८७४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा खेळाडू सॅम विडोसन यानं क्रिकेटचे पॅड कापून नडगीवर बांधले, तिथून शिनगार्ड आलं असं मानतात. आज नियमानुसार शिनगार्ड सक्तीचं आहे आणि ते मोज्यानं झाकलेलं असावं लागतं. अलीकडे काही खेळाडू अगदी छोटे शिनगार्ड घालू लागलेत. योग्य मापाचं घालण्याची जबाबदारी नियमानं खेळाडूवरच टाकली आहे. शिनगार्डमुळे मुका मार आणि जखमा कमी होतात. पण जोरदार धडकेत हाड मोडणारच नाही याची हमी ते देत नाही, आणि शिन स्प्लिंटवर तर त्याचा काहीच उपयोग नाही.

क्लबचे डॉक्टर काय करतात?

- दुखणं सुरू होताच पळणं बंद. सायकल आणि पोहणं यावर दम टिकवतात.
- बर्फ कपड्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.
- पोटरी आणि घोट्याचे व्यायाम, बूट आणि तळपायाची तपासणी.
- चालताना, मग उडी मारताना दुखत नसेल तरच हळूहळू पळणं. शिन स्प्लिंटला काही आठवडे, तड्याला काही महिने लागू शकतात.
- सरावाआधी 'फिफा ११ प्लस' हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप. यात १५ व्यायाम आहेत, साहित्य लागत नाही. नॉर्वेतल्या मुलींच्या संघांवर झालेल्या अभ्यासात यामुळे दुखापती जवळपास एक तृतीयांश कमी झाल्या.

आपल्याकडच्या पोरांनी काय ध्यानात ठेवावं?

कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल चालतो, तिथं नडगीचं दुखणं नवीन नाही. पण गावोगावी पोलीस आणि सैन्य भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरा-पोरींनाही हेच शिन स्प्लिंट होतं. जाहिरात निघाली की एकदम रोज आठ-दहा किलोमीटर पळायला लागायचं, दुखलं की गोळी खाऊन पुन्हा पळायचं, हे घातक आहे. गोळीनं दुखणं झाकलं जातं, तडा मात्र वाढत राहतो. अंतर हळूहळू वाढवा, जमलं तर मातीच्या मैदानावर पळा, आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती द्या.

पाय मोडल्याची शंका असेल तर :
- पाय ओढून सरळ करू नका, तेल लावून चोळू नका.
- आहे त्या स्थितीत लाकडी पट्टी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन बांधा. फार आवळू नका.
- जखम असेल तर स्वच्छ कपड्यानं झाका. माती, हळद काही भरू नका.
- खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.
- १०८ वर फोन करा आणि हाडांच्या डॉक्टरकडेच न्या.

एकाच जागी दुखणं, रात्रीचा ठणका, बधिरपणा किंवा कडक झालेली पोटरी, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. भरती पुढच्या वर्षी पुन्हा निघेल, पाय दुसरा मिळणार नाही.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)