कायदेमंडळात बाळंतिणीचा प्रश्न

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी माझी एखादी पाककृती छापून येते. यंदा कार्यवाहबाईंनी सांगितले, "या खेपेस पदार्थ नको, काही माहितीपर लिहा." मी सातवी पास झालेली बाई. इतिहास लिहायचा तो शिकलेल्यांनी, असे वाटून आठ दिवस कागद कोराच राहिला. मग आमच्या आजेसासूबाईंची आठवण झाली, आणि त्यांच्या आयुष्याशी ज्याचा संबंध आला अशा एका दिवसाची हकिकत आपणांस सांगावी असे ठरवले. तो दिवस म्हणजे शनिवार, तारीख २८ जुलै १९२८. त्या दिवशी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात बाळंतिणीच्या प्रश्नावर चर्चा झाली.

आधी आजेसासूबाईंविषयी सांगते. मी २००० साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या. दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या जुन्या गोष्टी काढत. लग्न होऊन त्या कोकणातून मुंबईस आल्या आणि सोळाव्या वर्षी गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला लागल्या. पहिले बाळंतपण १९२८ च्या संक्रांतीच्या सुमारास झाले. दुपारपर्यंत खात्यात उभ्या होत्या, रात्री खोलीवर बाळंत झाल्या आणि दहाव्या दिवशी परत कामावर गेल्या. कारण काय, तर खाडा वाढला की नाव जाई आणि जागेवर बदली बाई कायम होई. मूल शेजारच्या म्हातारीपाशी ठेवायचे. ते रडू नये म्हणून त्याला बाळगोळी द्यायची. बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. "मूल गप्प पडून राहायचं, आम्हाला वाटायचं गुणी आहे," असे त्या सांगत. ते मूल होळीपर्यंत जगले. एवढे बोलून त्या सूप उचलून पाखडायला लागत. पुढे काही विचारण्याची सोय नसे.

त्यांचे बोलणे माझ्या मनात राहिले होते. गेल्या वर्षी आपल्या वाचनालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणांचा महाराष्ट्र शासनाने छापलेला एक खंड हाती आला. मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी केलेली भाषणे त्यात आहेत. पुस्तक इंग्रजी. माझी मुलगी कॉलेजात जाते. ती वाचून मराठीत सांगे आणि मी वहीत उतरून घेई. त्यात २८ जुलैचे भाषण निघाले आणि मी वर्ष पाहून चपापले. ज्या वर्षी आमच्या घरातले ते मूल गेले, त्याच वर्षी हे भाषण झाले होते.

आता त्या दिवसाची पार्श्वभूमी. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वॉशिंग्टन येथे कामगारांच्या प्रश्नांवर जगातल्या देशांची परिषद भरली. बाळंतिणीस सहा आठवडे काम देऊ नये व त्या मुदतीत तिच्या पोटापाण्याची सोय करावी, असे तेथे ठरले. आपल्याकडे त्याची अंमलबजावणी झाली नाही. मुंबई सरकारने मात्र डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाईंस गिरणीतल्या बायकांची पाहणी करण्यास नेमले. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. मुलांना अफू देण्याची चाल किती बोकाळली आहे, हे त्यांनी त्यात उघड केले. पुढे १९२४ साली कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतीच्या भत्त्याचे बिल आणले. १९२५ साली ते नापास झाले. मग मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी आपल्या इलाख्यापुरते बिल मांडले, आणि त्याचे पहिले वाचन जुलै १९२८ मध्ये निघाले.

पहिले वाचन म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हते. बिल मांडले की सभासद आधी एवढेच पाहतात की मूळ तत्त्व मान्य आहे की नाही. ते मान्य झाले तर मग कलमाकलमावर बारीक चर्चा होते, दुरुस्त्या सुचवतात आणि शेवटी मते घेऊन कायदा पास होतो. लग्नात आधी स्थळ पसंत करायचे आणि मग देण्याघेण्याची यादी करायची, तसेच हे. पहिल्या वाचनालाच स्थळ नापसंत झाले की पुढे काही उरत नाही. म्हणून त्या दिवसाचे महत्त्व मोठे होते.

त्या काळी कायदेमंडळाची पावसाळी बैठक पुण्यास भरवण्याची वहिवाट होती. इकडे मुंबईत एप्रिल महिन्यापासून गिरण्यांचा मोठा संप चालू होता. सुमारे दीड लाख कामगार घरी बसले होते आणि तो संप मिटायला ऑक्टोबर उजाडला. ज्या बायकांसाठी बिल आले, त्यांच्या चुली त्या दिवशी उधारीवर पेटल्या असतील. गिरणीतल्या पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बायकांना १९२१ साली या इलाख्यात मताचा हक्क मिळाला होता, पण त्याला मालमत्तेची अट होती. एका खोलीत आठ माणसांनी राहणाऱ्या गिरणीकामगार बाईला त्याचा काय उपयोग? तिची बाजू दुसऱ्या कोणीतरी मांडणे भाग होते.

बिलावर दोन मुख्य आक्षेप होते. पहिला असा की, हा धंद्यावर नाहक बोजा आहे. बाई काम करत नाही त्या दिवसांचे पैसे मालकाने का द्यावे? दुसरा असा की, शेतात राबणाऱ्या बायकाही बाळंत होतात. त्यांना काही नाही, मग गिरणीतल्या बायकांचेच लाड कशासाठी? ऐकताना दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. आपल्या घरी कामवाल्या बाईने महिनाभर रजा मागितली की आपल्याही मनात पहिला आक्षेप येतोच की नाही? मी तर खोटे बोलणार नाही.

यावर डॉ. आंबेडकर बिलाच्या बाजूने बोलण्यास उठले. कायदेमंडळाचे सभासद होऊन त्यांना दीडच वर्ष झाले होते, वय ३७. ते आपल्या परळचेच रहिवासी, बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. पहाटेच्या भोंग्याबरोबर लगबगीने जाणाऱ्या बायका त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या. अपत्य जाण्याचे दुःखही त्या घराने सोसले होते; राजरत्न हा लहानगा मुलगा १९२६ सालच्या जुलैतच गेला होता. भाषणात मात्र त्यांनी घरचे काही आणले नाही. मुद्द्याला मुद्दा दिला.

त्यांच्या बोलण्याचा मतितार्थ मला समजला तो असा. कारखान्यातल्या कामाची तऱ्हा शेतातल्या कामाहून निराळी आहे, तेव्हा एकीला मिळत नाही म्हणून दुसरीलाही नाकारणे बरोबर नाही. बाळंतपणाआधी काही दिवस व नंतर काही दिवस आईला विश्रांती मिळणे यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, आणि बिलाचे तत्त्व तेवढेच आहे. खर्चाबद्दल म्हणाल तर त्याचा मोठा वाटा सरकारने उचलावा, कारण लोकांचे कल्याण पाहणे हे मुळात सरकारचे काम आहे. तरी मालक यातून अगदी मोकळा सुटत नाही. तो बायका कामाला ठेवतो ते धर्म म्हणून नव्हे. त्यात त्याचा नफा असतो म्हणून ठेवतो. मग त्या नफ्यातला काही भाग त्यांच्या बाळंतपणासाठी त्याने सोसावा, यात अन्याय कोणता?

भगिनींनो, हे मी दोनदा वाचून घेतले. बाळंतपण म्हणजे बाईचे आणि तिच्या घरचे, असेच आपण मानत आलो. माहेरच्यांनी करावे नाहीतर सासरच्यांनी करावे, यावरून किती घरांत धुसफूस होते ते आपण जाणतो. हे बाळंतपण देशाचेही आहे, आणि त्याचा खर्च वाटून घ्यायचा असतो, असे शंभर वर्षांपूर्वी भर सभेत कोणी म्हणाले होते, हे मला नवे होते.

पुढे बिल पास झाले आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती भत्त्याचा कायदा आला. हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा हा पहिला कायदा. सहा महिने नोकरी झालेल्या बाईला बाळंतपणाआधी तीन व नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे मिळायचे ठरले. सगळे दिवस धरले तर साडेचोवीस रुपये होतात. आपल्या रीतीप्रमाणे बाळंतीण सव्वा महिना उठत नाही. त्या मानाने कायद्याचे चार आठवडे दहा-बारा दिवस कमीच. पण जिला दहा दिवसही मिळत नव्हते, तिला ते सोन्यासारखे होते. पुढच्याच वर्षी मध्यप्रांतात, म्हणजे आपल्या विदर्भाचा ज्यात समावेश होता त्या प्रांतातही असा कायदा झाला.

आजेसासूबाईंचे दुसरे बाळंतपण १९३१ सालचे. त्या वेळी त्यांना हे पैसे मिळाले. नायकिणीने त्यातले दोन रुपये काढून घेतले, तरी उरलेल्यात तूप, डिंक, खोबरे घरात आले. चार आठवडे त्या खोलीवर राहिल्या आणि मुलाला अंगावर पाजले. ते मूल म्हणजे आमचे मोठे चुलतसासरे, जे ऐंशी वर्षे जगले. तिसऱ्या वेळी मात्र पाचव्या महिन्यात पोट दिसू लागताच गिरणीने त्यांचे नाव कमी केले. भत्ता नाही आणि नोकरीही नाही. मग त्यांनी खानावळ घातली व तिच्यावर संसार केला.

यात इतिहासातली एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, हे त्या दिवशीचे म्हणणे कायद्यात उतरले नाही. सगळा भार ज्याच्या त्याच्या मालकावर पडला. त्यामुळे बाई कामाला ठेवणे म्हणजे खर्चाचे काम, असा हिशेब काही मालकांनी केला. पुढल्या पन्नास वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतून बायका कमी कमी होत गेल्या. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे अशी त्याला इतरही कारणे होती, पण हेही एक कारण होते. म्हणजे कायदा वाईट होता असे नव्हे. त्याचे एक पाऊल पडले, दुसरे अडून राहिले.

ते दुसरे पाऊल हळूहळू पडत गेले. १९४८ साली राज्य विमा योजनेचा कायदा झाला. त्यात मालक व कामगार दोघांच्या वर्गणीतून एकत्र निधी केला, तेव्हा बाळंतिणीचे पैसे एकट्या मालकाच्या खिशातून जाण्याचे कारण उरले नाही. १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभाचा कायदा होऊन बारा आठवडे रजा मिळाली. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. त्याच साली सरकारने मातृवंदना योजना सुरू केली. तिच्यात नोकरी नसलेल्या बाईलाही पहिल्या खेपेस पाच हजार रुपये देण्याचे ठरले. रक्कम थोडी असेल, पण भार काही अंशी सरकारने उचलावा हे २८ जुलैचे म्हणणे त्यात मला दिसते.

आता शेवटचे. आपल्या मागच्या चाळीत धुणेभांडी करणारी एक मुलगी गेल्या पावसाळ्यात बाळंत झाली आणि सोळाव्या दिवशी कामावर आली. तिला योजनेचे नावही ठाऊक नव्हते. आमच्याकडे ती ओट्याशी उभी राहिली तेव्हा मला आजेसासूबाईंचे सूप आठवले. मी तिला घरी पाठवले व महिनाभर भांडी स्वतः घासली. पगार कापला नाही. यात मोठेपणा काही नाही. पहिल्या आठवड्यात पैसे कापावेत असे माझ्याही मनात आले होते, हे कबूल करते.

आपले मंडळ दरवर्षी डोहाळजेवणाचा कार्यक्रम करते. फुलांची वाडी भरतो, ओटी भरतो, गाणी म्हणतो. माझी सूचना एवढीच की, त्याच दिवशी एका टेबलाशी दोन शिकलेल्या मुली बसवाव्यात आणि आजूबाजूच्या गरोदर बायकांचे योजनेचे अर्ज भरून द्यावेत. कामवाल्या मुलींनाही आमंत्रण द्यावे. कागदपत्रांच्या झेरॉक्सचा खर्च मंडळाच्या शिलकीतून सहज होईल. येत्या सभेत ही सूचना मी मांडणार आहे. पहिल्या वाचनाला तरी आपण सर्वजणींनी ती पसंत करावी, अशी नम्र विनंती आहे.