चित्रसंग्रहाचें रक्षण

एखादी वस्तु आपल्या घरीं आहे, एवढ्यावरून ती सुरक्षित आहे असें होत नाहीं. जुनीं छायाचित्रें कागदावर असत. तीं पिवळीं पडलीं तरी डोळ्यांस दिसत. हल्लींचीं डिजिटल चित्रें पाहण्यास यंत्राची मध्यस्थी लागते. तें यंत्रच कालबाह्य झालें म्हणजे काय होतें, याचा बोधप्रद दाखला अमेरिकेच्या चंद्रसंशोधनाच्या इतिहासांत सांपडतो.

इ. स. १९६६-६७ मध्यें नासा या संस्थेनें ‘लूनर ऑर्बिटर’ नांवाचीं पांच यानें चंद्राभोंवतीं फिरविलीं. मनुष्यास उतरण्याजोग्या जागा शोधणें हा त्यांचा हेतु होता. चित्रें यानांतच फिल्मवर घेऊन तेथेंच धुतलीं जात, व संदेशरूपानें पृथ्वीवर येऊन चुंबकीय फितींवर नोंदलीं जात. २३ ऑगस्ट १९६६ रोजीं पहिल्या यानानें चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचें चित्र घेतलें. पुढें सुमारें १५०० फिती मागें उरल्या. परंतु त्या वाचणारीं कपाटाएवढीं यंत्रें अडगळींत निघालीं.

या फिती टाकून देण्याचा प्रसंग आला, तेव्हां नॅन्सी इव्हान्स या संग्रहपाल बाईंनीं त्यास संमति दिली नाहीं. त्यांनीं अँपेक्स कंपनीचीं दुर्मिळ यंत्रें मिळविलीं, आणि द्रव्यसाह्याच्या अभावीं तीं वर्षानुवर्षें स्वतःच्या मोटारखान्यांत ठेविलीं. २००७ सालीं डेनिस विंगो व कीथ काउइंग यांनीं हें कार्य हातीं घेतलें. नासाच्या एम्स केंद्रांत, एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्स उपाहारगृहांत, तीं यंत्रें दुरुस्त झालीं. आणि नोव्हेंबर २००८ मध्यें पृथ्वीचें तें चित्र, डिजिटल रूपांत व पूर्वींहून कितीतरी स्पष्ट, जगापुढें आलें.

१९६९ च्या अपोलो-११ ची हकीकत याच्या उलट आहे. चंद्रावरील पहिल्या पावलाच्या दृश्याच्या मूळ फिती पुसून पुन्हां वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासानेंच २००९ सालीं काढला. तरीहि तें दृश्य नष्ट झालें नाहीं. कारण दूरचित्रवाणी संस्थांच्या संग्रहांत त्याच्या, कमी प्रतीच्या कां होईना, नकला होत्या. त्यांवरूनच त्याचा जीर्णोद्धार झाला.

पहिल्या हकीकतींत मूळ वस्तु राहिली, पण तिचा वाचक गेला. दुसरींत मूळ गेलें, नक्कल राहिली. आम्हां मराठी वाचकांस हें नवीन वाटूं नये. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं; शके १५०६ मध्यें एकनाथांनीं तिचा पाठ शुद्ध केला, तो प्रचलित नकलांच्याच आधारें.

म्हणून आमची गृहस्थांस विनंति अशी कीं, घरच्या चित्रांच्या निदान तीन प्रती असाव्यात; त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात व एक तरी परठिकाणीं, आप्ताच्या घरीं असावी. कांहीं वर्षांनीं, जुनें साधन चालतें आहे तोंच, त्या नव्यावर उतराव्यात, आणि उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या नकलेचा भरंवसा नसतो. आजीचा एकुलता एक फोटो वांचतो, तो यंत्रामुळें नव्हे. ‘हें टाकूं नका’ म्हणणारें कोणी घरांत असतें, म्हणून.