शंभर योजनांचे पथ्य

दिवाळी अंकात मधुमेहाची कथा काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड ठेवणे, हे मला कबूल आहे. पण आमच्या घरी ही दोन्ही एकाच ताटात वाढली गेली, त्याला काय इलाज? थोरल्या मामांचा मधुमेह उघडकीस आला तो 1984 साली, ऐन वसुबारसेला. त्या वर्षी चिरोट्यांवर पिठीसाखर पेरताना मामींचा हात थरथरत होता.

मामा संस्कृतचे शिक्षक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला बजावले. गोळ्या मामांनी घेतल्या, पण चालण्याचे नाव काढीनात. "आपल्या शास्त्रात काय आहे ते आधी पाहू," म्हणून त्यांनी सुश्रुतसंहिता काढली, आणि स्वतःच सापळ्यात सापडले! निर्धन प्रमेही रोग्याने जोडा-छत्री टाकून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालावे, असे सुश्रुत सांगतो. योजन चार कोसांचे धरले तर चारशे कोस झाले. पुण्याचा माणूस काशीच्या आसपास पोहोचावा. श्रीमंताने सावा आणि देवभात खावे, आवळ्या-कवठांवर राहावे, हरणांच्या संगतीने रानात फिरावे. बाकीच्यांनी शेत नांगरावे, नाहीतर विहीर खणावी. (आणखीही एक-दोन पथ्ये आहेत, ती सणासुदीला सांगण्याजोगी नाहीत.)

चरकाची कारणमीमांसा त्याहून बोचरी. सुखाने बसणे, सुखाने लोळणे, दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. मामी म्हणाल्या, "अहो, ही तर आपल्या दिवाळीचीच यादी झाली!"

दुसऱ्या दिवसापासून मामा पहाटे टेकडीवर जाऊ लागले. हेच शहाणपण पॅरिसला वेढ्यात सापडले. 1870-71 साली जर्मन फौजांनी शहर कोंडले, अन्नाचा दुष्काळ पडला, आणि बुशार्दा नावाच्या वैद्याला दिसले की त्याच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर उतरत चालली आहे. पुढे तो रोग्यांना कमी खा आणि अंग मोडून काम करा, असे सांगत राहिला.

मामांना गुडमारच्या पाल्याचेही वेड लागले. पाने चघळून करंजी खाल्ली की गोडाचा पत्ताच लागत नाही, सारण वाळूसारखे लागते. आम्ही मुलांनी हा प्रयोग हौसेने केला आणि करंज्या वाया घालवल्याबद्दल बोलणी खाल्ली. पाला जिभेला फसवतो हे खरे. रक्तातल्या साखरेला तो इंजेक्शनासारखा आवरील, हा भरवसा मात्र कुणी धरू नये. झाडपाला निरुपयोगी, असे मी म्हणत नाही. मामांना मानवलेली मेटफॉर्मिनची गोळी तरी कुठून आली? युरोपात गलेगा नावाची वनस्पती होती. तिच्यातल्या द्रव्याचा माग काढीत रसायनशास्त्रज्ञ या औषधापर्यंत आले, आणि 1957 साली झां स्टर्न या फ्रेंच डॉक्टराने ते मधुमेहावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. पण मूळ वनस्पती विषारी, गुरेमेंढ्यांना मारणारी.

मामांचा उतार पाहून मावशीला हुरूप आला. तिचा बारा वर्षांचा मुलगा काडीसारखा. त्याला रोज इन्शुलिन टोचावे लागे. कुणीतरी चूर्ण दिले आणि तिने सुई थांबवली. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या, धाप, ग्लानी. रिक्षात मी त्याचे डोके मांडीवर धरले होते. तो वाचला.

त्या रात्री मामांनी पुन्हा पोथी उघडली. शंभर योजनांचा प्रसंग जिथे संपतो तिथेच चार शब्द आहेत, कृश रोग्याला मात्र सतत जपावे अशा अर्थाचे. जन्मजात मधुमेही कृश असतो आणि अपथ्याने झालेला स्थूल, हा भेदही सुश्रुताने आधीच सांगून ठेवलेला. "वाचले होते गं मी," मामा मावशीला म्हणाले, "माझ्यापुरतेच वाचले."

जपावे, पण कशाने? त्याचे उत्तर जगाला फार उशिरा मिळाले. बँटिंग आणि बेस्ट यांनी 1921 साली टोरांटोत शोधलेला अर्क 1922 च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचला. पहिली सुई साधली नाही. कॉलिपने अर्क शुद्ध केल्यावर दुसरी साधली. मुलगा आणखी तेरा वर्षे जगला.

आमचा मावसभाऊ आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. पाडव्याला येतो, आधी सुई टोचून घेतो, मग अर्धा अनारसा मागतो आणि जेवणानंतर मामांची जुनी काठी घेऊन टेकडीकडे निघतो.