दोन दाखले

सध्या पोस्टिंग कलकत्त्याला आहे. जुना फोर्ट विल्यम, ज्याला आता आपल्या कोकणातल्या किल्ल्यावरून विजय दुर्ग म्हणतात, तिथून हुगळीच्या डाव्या काठाने पंचवीसेक किलोमीटर खाली गेलं की बजबज लागतं. तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या, नदीवरचे धक्के आणि सियालदहहून येणारी लोकल. शेवटच्या स्टेशनाला आज कोमागाता मारू बजबज असं नाव आहे. इतिहास वाचणाऱ्याला हे गाव त्या जहाजामुळेच माहीत असतं. आज मात्र लिहायचं आहे ते एका लहान विषयावर. जानेवारी-फेब्रुवारी हा इकडे आणि आपल्याकडेही दहावीच्या निरोप समारंभांचा मोसम. त्या समारंभातल्या थट्टेबद्दल.

शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाला दोन दाखले मिळतात. एक सरकारी. त्यात नाव, जात, जन्मतारीख आणि खाली ठरलेले शेरे: प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. वर्गातल्या ज्या पोराने मुख्याध्यापकांच्या खुर्चीला खाजकुयली लावली त्याची वर्तणूकही चांगली, आणि ज्याने दहा वर्षांत तोंड उघडलं नाही त्याचीही चांगलीच. फौजेतून पेन्शनवर येणाऱ्यांना हे नवीन नाही. आपल्या डिस्चार्ज बुकातही कॅरेक्टरचा रकाना असतो; एक्झम्प्लरी, व्हेरी गुड, गुड. माणूस कसा होता हे त्यावरून घरच्यांनाही कळणार नाही.

दुसरा दाखला वर्गमित्र देतात. आपल्याकडे त्याला शेलापागोटे म्हणतात, शहरातली मुलं फिशपाँड म्हणतात. खोक्यात चिठ्ठ्या असतात, एकेक काढून नाव पुकारायचं आणि त्याच्याबद्दलची ओळ मोठ्याने वाचायची. शब्द मोठा गमतीचा आहे. शेला आणि पागोटं ही मानाची वस्त्रं. दरबारात, लग्नात, कामगिरी करून आलेल्या माणसाला द्यायची. शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याच शब्दाखाली टिंगल वाटली जाऊ लागली. पण मूळ अर्थ पुरता गेलेला नाही. ज्याची चिठ्ठी निघते त्याला लाज वाटते आणि मान मिळाल्यासारखंही वाटतं, कारण कुणीतरी आपल्याला नीट पाहिलेलं असतं.

बजबजच्या इतिहासात हे दोन्ही दाखले एकाच प्रसंगाला मिळालेले आहेत. डिसेंबर १७५६. सिराजउद्दौलाने कलकत्ता घेतलं होतं आणि ते परत घ्यायला क्लाइव्ह आणि अ‍ॅडमिरल वॉटसन मद्रासहून आरमार घेऊन आले होते. वाटेत बजबजचा मातीचा किल्ला होता. क्लाइव्हची माणसं रात्रभर चिखलातून चालून आली आणि पहारा न लावताच झोपली. आपल्याकडे रिक्रूटलाही यासाठी पिठ्ठू घेऊन मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतील. २९ डिसेंबरला नवाबाचा सरदार माणिकचंद अचानक चालून आला. लढाई चांगलीच जुंपली, पण एक गोळी माणिकचंदच्या पागोट्याजवळून गेली आणि त्याने फौज मागे घेतली. किल्ल्यावरचा हल्ला दुसऱ्या दिवसावर ठेवला गेला.

त्या रात्री स्ट्रेहन नावाचा एक साधा खलाशी दारू पिऊन एकटाच किल्ल्याकडे निघाला. तोफांनी पडलेल्या खिंडारातून आत चढला, समोर दिसलेल्या काही शिपायांवर पिस्तूल झाडलं आणि किल्ला आपण घेतल्याची आरोळी ठोकली. आरोळी ऐकून बाकीचे धावले. आत फारसं कुणी उरलंच नव्हतं. किल्ला पडला. दुसऱ्या दिवशी वॉटसनने त्याला शिस्तभंगासाठी समोर उभं केलं. स्ट्रेहनने गुन्हा कबूल केला, त्यात काही वाईट झालं असं वाटत नाही असंही सांगितलं, आणि बाहेर पडताना पुटपुटला की यासाठी फटके बसणार असतील तर यापुढे जन्मात एकट्याने किल्ला घेणार नाही. ही हकीकत वॉटसनच्या जहाजावरचा सर्जन एडवर्ड आइव्ह्ज याने लिहून ठेवली. स्ट्रेहन पुढच्या लढायांत जखमी होऊन पेन्शनीत आला, आणि एखाद्या मोठ्या युद्धनौकेवर आचारी व्हावं एवढीच त्याची इच्छा उरली होती, हेही आइव्ह्जनेच नोंदवलं.

सरकारी दाखल्यावर बजबज क्लाइव्ह आणि वॉटसन यांच्या नावावर आहे. दुसऱ्या दाखल्यावर ते स्ट्रेहनचं आहे, आणि तोच लोकांना आठवतो. पण त्याच रात्रीच्या गोंधळात कॅप्टन कॅम्बेल नावाचा अधिकारी आपल्याच माणसांच्या गोळीने मेला. त्याच्या वाट्याला विजय आला नाही आणि विनोदही नाही. हा तिसरा प्रकार ध्यानात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

आता परीक्षेकडे. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं १८५७ ची. कलकत्त्याच्या १८५८ च्या पहिल्या बी.ए. परीक्षेत दोनच पास झाले, बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस. तेही ग्रेस मार्कांवर. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ ची. १३२ बसले, २२ पास, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर. इतकी माणसं तर आज एका लोकलच्या दारात लटकतात. एवढ्यांना वर्ग म्हणून निरोप कोण देणार? दहावीचा निरोप समारंभ ही पास होणाऱ्यांची संख्या वाढल्यावरची गोष्ट आहे. शाळा तालुक्याला आल्या, मग गावाला आल्या. बंगालमध्ये माध्यमिक परीक्षा १९७६ पासून सुरू झाली. आपल्याकडेही त्याच सुमारास अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. तेव्हापासून दोन्हीकडे सोळाव्या वर्षी निरोप देण्याची रीत पक्की झाली.

आमच्या युनिटमधून निवृत्त झालेले एक बंगाली हवालदार बजबजला राहतात. त्यांच्या नातीच्या शाळेचा निरोप समारंभ होता, त्यांनी बोलावलं. सरस्वती पूजा नुकतीच झालेली. त्या दिवशी इकडे पुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि अभ्यासाला सुट्टी असते. पूजा होईपर्यंत बोरं खायची नाहीत असा नियमही आहे. समारंभात नववीच्या मुलींनी दहावीवाल्यांच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावला, हातात निशिगंधाची कांडी, एक पेन आणि मिठाईचा पुडा दिला. मग मानपत्र. ते अशा जड बंगालीत होतं की हवालदार दादांनीही मान हलवत राहण्याचं धोरण ठेवलं. त्यानंतर कागदी पदकं निघाली. एकाला घुमकातुरे, म्हणजे झोपाळू. एकाला पेटुक, म्हणजे खादाड. पुडा त्याने पदक मिळायच्या आधीच संपवला होता. मानपत्राला टाळ्या पडल्या, पदकांना मुलं उभी राहून ओरडली. बंगाल्यांना हे सोपं जातं, कारण प्रत्येकाला जन्मापासून दोन नावं असतात. भालो नाम कागदावर, डाकनाम घरात. भालो नाम म्हणजे पहिला दाखला, डाकनाम म्हणजे दुसरा.

बजबजने निरोप आणि स्वागताचे आणखी प्रकार पाहिले आहेत. १९ फेब्रुवारी १८९७ ला विवेकानंद परदेशातून परतून मद्रासहून बोटीने इथेच उतरले. इथून खास गाडीने सियालदहला गेले, आणि तिथे विद्यार्थ्यांनी बग्गीचे घोडे सोडून गाडी स्वतः ओढत रिपन कॉलेजपर्यंत नेली. १९१६ साली लखनौला लोकमान्यांची गाडी तरुणांनी अशीच ओढली, त्यात रामप्रसाद बिस्मिल होते. पलटणीत आजही सीओ साहेब जाताना त्यांची जिप्सी दोरखंडांनी ओढतात. आदल्या रात्री त्याच साहेबांची मेसमध्ये मनसोक्त खिल्ली उडवलेली असते. माझ्या मते खरा निरोप रात्रीचा असतो, सकाळी राहतं ते ड्रिल.

आणि २९ सप्टेंबर १९१४. कॅनडाने परत पाठवलेलं कोमागाता मारू इथे लागलं. प्रवासी बहुतेक पंजाबी शीख, त्यात फौजेतले पेन्शनर होते. त्यांना बळजबरीने पंजाबच्या गाडीत बसवायचं होतं. ते कलकत्त्याकडे चालू लागले, अडवले गेले, गोळीबार झाला, माणसं मेली. सरकारी कागदात ते धोकादायक लोक होते. १९५२ साली पंडित नेहरूंनी त्यांच्या स्मारकाचं उद्घाटन केलं. शेरा बदलायला अडतीस वर्षं आणि एक स्वातंत्र्य लागलं.

आता आमच्या वर्गाबद्दल. आमची दहावी १९९८ ची, बीड जिल्ह्यातल्या एका गावची. माझ्या चिठ्ठीवर होतं: पीटीच्या तासाला वाघ, गणिताच्या तासाला रजेवर. उशिरा येणाऱ्या एकाला: पहिला तास कोणता असतो हे याला वेळापत्रकावरून कळलं. मग एक चिठ्ठी निघाली: हा खोकला की हेडसर खोकले, हे शिपाईमामांनाही कळत नाही. सगळा वर्ग हसला, हेडसरही हसले, आणि सगळ्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. तो दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती, कोयता कमी पडत होता. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याने सवयीने त्याचं नाव घातलं होतं. सरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि पुढची काढली.

कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. निरोप समारंभ बरोबर मधोमध येतो. म्हणजे ऊसतोडीच्या पट्ट्यात ज्याला निरोपाची सगळ्यात जास्त गरज, तो त्या दिवशी गावात नसतो. त्याला दाखला मिळत नाही आणि चिठ्ठीही नाही. हाच कॅप्टन कॅम्बेलचा रकाना.

हे मला फौजेत जास्त जाणवलं. आमच्या वेळच्या जनरल ड्युटी भरतीला दहावी पास आणि सरासरी ४५ टक्के लागत. धावण्यात तो पोरगा माझ्या पुढे होता. भरतीच्या मैदानात तो माझ्या आधी आत गेला असता. आमच्या दोघांत अंतर पडलं ते एका हंगामाचं.

काही वर्षांपूर्वी वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, सगळीकडे होतात तसा. स्नेहमेळावा ठरला. यादी दहावीच्या हॉल तिकिटांवरून केली होती. आमच्या जुन्या वर्गशिक्षकांना बोलवायला गेलो तर ते म्हणाले, "बाळांनो, यादी आठवीच्या हजेरीपटावरून करा. दहावीचा हजेरीपट म्हणजे उरलेल्यांचा." आम्ही शाळेतून जुना हजेरीपट काढला. बरीच जास्त नावं होती. नववीत लग्न झालेल्या मुली होत्या, गिरणीत, हॉटेलात, शेतात गेलेली मुलं होती. जेवढे सापडले तेवढे बोलावले. काही आले नाहीत, आमचा काय संबंध म्हणाले. तो आला. आता त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे. जेवणाच्या पंगतीत कुणी न सांगता तो खोकला, आणि चाळीशीतली आम्ही माणसं झटकन सरळ बसलो. हेडसर आता नाहीत. खोकला आहे.

वाचकांत माजी सैनिक बरेच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी खास. आपले युनिटचे मेळावेही पेन्शनरांच्या यादीवरून होतात. ट्रेनिंगमध्ये पाय मोडून घरी गेलेले, मेडिकलवर मध्येच सुटलेले, त्यांची नावं त्या यादीत नसतात. पण सेंटरमध्ये आपल्या शेजारच्या खाटेवर कोण होता आणि तो झोपेत काय बडबडायचा, हे प्रत्येकाला आठवतं. पुढच्या बडाखान्याची यादी करताना रिक्रूट प्लाटूनपासून सुरुवात करा. बोलावताना त्याची चिठ्ठीही लिहून ठेवा.