कांस्यपशू आणि मागाहून आलेली नावे

चीनच्या प्राचीन कांस्यपात्रांची चर्चा निघाली की ‘ताओत्ये’ हा शब्द हटकून येतो. आन्यांगच्या शांग राजांच्या काळी, म्हणजे इ. स. पूर्वी १२०० च्या सुमारास, ओतलेल्या पात्रांवर रोखून पाहणारे दोन डोळे, शिंगे आणि बहुधा खालचा जबडा नसलेला एक मुखवटा आढळतो. त्याला हे नाव दिले जाते. परंतु हा शब्द इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकातील एका ग्रंथातला, आणि तो या पात्रांना चिकटवला तो सुंग काळातील पुराणवस्तुसंग्राहकांनी. अधाशीपणाविरुद्ध इशारा हा अर्थ नावाबरोबर आला; पात्राबरोबर नव्हे.

१९५३ मध्ये माक्स लोअर यांनी या अलंकरणाच्या पाच शैली लावून दाखविल्या. नुसत्या रेषांच्या गुंतवळीतून हा मुखवटा हळूहळू आकारास आला, तेव्हा आरंभी त्यास ठरावीक अर्थ नसावा, असे त्यांचे मत पडले. हा सावधपणा मला मोलाचा वाटतो. तथापि ज्या पात्रांतून पितरांना अन्न आणि मद्य अर्पण होई, त्यांवरील डोळे केवळ शोभेचे होते, हे काही गळी उतरत नाही.

हाच पेच आपल्या दारीही आहे. १९७४ मध्ये प्रवराकाठच्या दायमाबाद येथे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार भरीव ओतीव शिल्पे मिळाली. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. ती उत्तर-हडप्पाकालीन मानावीत, असा बहुतेक उत्खननकारांचा कौल. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी मात्र ती ऐतिहासिक काळातील असण्याची शक्यता मांडली. काळच असा वादग्रस्त असताना रथावरील पुरुषाला ‘पशुपती’ म्हणण्याचा मोह काहींना झाला. त्यामागे उभी आहे ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली मोहेंजोदडोची मुद्रा. तिच्यावर हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा आहेत. जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये तिच्यात शिवाचे पूर्वरूप पाहिले. म्हणजे एका तर्काच्या खांद्यावर दुसरा तर्क! शिवाय दायमाबादेत वाघ नाही, आणि मुद्रेवर रथ नाही.

उलट, जे डोळ्यांसमोर आहे त्याकडे दुर्लक्षच झाले. रेड्याच्या बैठकीखाली चार भरीव चाके आहेत; गेंडाही चाकांच्या दोन आसांवर उभा आहे. हे पशू एका जागी बसवून पुजावयाचे नव्हते, ओढून न्यावयाचे असावेत. कोणी, कोठे आणि कोणत्या प्रसंगी, हे प्रश्न देवाच्या नावाआधी विचारावयास हवे होते.