परळची लस आणि मुलकोवालचा चिमटा
परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, जेथे एके काळी लाटसाहेबांचे दरबार भरत, तेथे १८९९ पासून हाफकिनची प्लेगसंशोधन-प्रयोगशाळा नांदू लागली. १८९७ च्या जानेवारीत स्वतःच्या अंगात लस टोचून घेणाऱ्या या शास्त्रज्ञाने, मागणी अफाट वाढल्यावर, उत्पादन त्वरेने व्हावे म्हणून लशीत कार्बोलिक अम्ल मिसळण्याची रीत सोडली आणि केवळ उष्णतेच्या निर्जंतुकीकरणावर भिस्त ठेवली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. पैकी ‘५३ एन’ या एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी समितीने ठपका परळवर ठेवला आणि हाफकिन निलंबित झाला. वास्तविक, बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, व तो ज्योतीवर न तापवता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून वापरला गेला, ही हकीकत चौकशीच्या दप्तरातच होती! तरीही त्या मदतनिसाला एकट्याला दोषी धरणे मला न्याय्य वाटत नाही. कारण ज्या बाटलीचे बूच खेड्यातल्या धुळीत चिमट्याने उपसावे लागते, आणि जिच्यातून अनेकांना टोचायचे असते, तिच्यातले रासायनिक संरक्षण काढून घेतल्यावर हातून घडलेली एक चूक निस्तरायला मागे काहीच उरत नाही.

१९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृतींनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिनची बाजू मांडली, तो निर्दोष ठरला, पण नेमणूक कलकत्त्यास झाली. परळच्या संस्थेला त्याचे नाव १९२५ साली मिळाले.